तिगावला तीन वाजता

पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडवर मोरेश्वरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण लोक त्याला ओळखायचे ते भोंग्यांमुळे. लग्न असो की सभा, दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी बैलगाडीत टाकून तो हजर व्हायचा. छप्पन साली आपला भाग कोणत्या राज्यात राहणार यावर गावात सभा झाल्या, त्या त्याच्याच भोंग्यांवर. मग विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला, सौसर-पांढुर्णा इकडे मध्य प्रदेशात राहिलं, आणि ज्या नागपुराहून तो व्हॉल्व्ह आणायचा ते दुसऱ्या राज्यातलं शहर झालं. नव्या राज्याची मिरवणूक निघाली तीही त्याच भोंग्यांवर. मोरेश्वरला दोन्ही वेळा एकच काळजी होती, आवाज फाटू नये.

त्याला एक छंद होता, जो बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हता. दुरुस्तीला आलेला मोठा रेडिओ सुरू केला की तो पेटीच्या लाकडावर तळहात ठेवून बसायचा. गाण्याच्या अगदी खाली, तबल्याच्याही खाली, काहीतरी चालत असायचं. कानाला धड ऐकू यायचं नाही, हाताला कळायचं. ते कोणतं वाद्य असावं याचा त्याला पत्ता नव्हता. प्रतिभा, त्याची बायको, मुलींच्या शाळेत शिकवायची. ती म्हणायची, "रेडिओची नाडी पाहून राहिले काय?"

साठ साली दसरा झाल्यावर एक उंच, वाकलेले गृहस्थ दुकानासमोर उभे राहिले. काळी टोपी, धुतलेला कोट. नाव यशवंतराव, सौसरच्या तहसीलीत रेकॉर्ड सांभाळायचे, आता निवृत्त.

"बसत नाही," ते म्हणाले. "बस सुटते माझी. एक इलेक्ट्रिकवर चालणारा बाजा विकायचा आहे. मुंबईहून आलेला. चार तारांचा. या भागात तुमच्याशिवाय कोणी घेणार नाही, असं लोक सांगतात."

"कोणाचा आहे जी?"

"मुलाचा," यशवंतराव म्हणाले आणि रस्त्याकडे पाहू लागले. "त्याचा आवाज लई खाली जाते म्हणे. मी ऐकला नाही."

मोरेश्वर दुसऱ्याच दिवशी सौसरला गेला.

घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं, दोन खोल्यांचं. उंबरठ्याजवळ यशवंतरावांची बायको मनकर्णाबाई सुपात तूर निवडत बसली होती. तिनं मोरेश्वरकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली. आतल्या खोलीत भिंतीला लावून एक लांब काळी पेटी ठेवलेली होती. यशवंतरावांनी कड्या काढल्या आणि स्वतः मागे सरकले.

मोरेश्वरनं असलं काही कधी पाहिलं नव्हतं. सायीच्या रंगाचं जाड लाकडी अंग, त्यावर काळी पट्टी, आणि त्यातून निघालेली इतकी लांब दांडी की टोकाच्या खुंटीपर्यंत हात पुरेल की नाही अशी शंका यावी. पोकळ काहीच नाही, सतार-तंबोऱ्यासारखा भोपळा नाही. नुसती फळी, पण उचलायला गेला तर भरल्या घागरीसारखी जड. चार तारा, त्यातली सगळ्यात जाड तार खाटेच्या सुतळीएवढी. त्यानं ती अंगठ्यानं छेडली. आवाज जेमतेम आला, मधमाशी मडक्यात अडकल्यासारखा. पण लाकूड त्याच्या बरगड्यांना टेकलेलं होतं, आणि बरगड्यांना कळलं. रेडिओच्या पेटीतून हाताला लागायचं ते हेच होतं.

यशवंतरावांनी भाव केला नाही. मोरेश्वरनं खिशातून पैसे काढले ते त्यांनी न पाहता कोनाड्यात ठेवले.

"दुपारी वाजते तो," उंबरठ्यावरून मनकर्णाबाई म्हणाली.

"कोण वाजवते?" मोरेश्वरनं विचारलं.

"कोणी नाही. पेटी बंद असते. तीन वाजले की वाजते. एकदाच. ह्याईले ऐकू येत नाही."

"तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका," यशवंतराव हळूच म्हणाले.

"मी काय खोटं सांगून राहिली?" तिनं मान वर न करता विचारलं. यशवंतराव पेटीच्या कड्या लावू लागले.

पेटी उचलून दोघं बसथांब्याकडे निघाले तेव्हा यशवंतरावांनी हकिकत सांगितली. मुलाचं नाव सुरेश. स्वातंत्र्याच्या साली घरातून मुंबईला निघून गेला, हॉटेलातल्या बॅण्डमध्ये वाजवू लागला. हा बाजा त्यानं एका परदेशी खलाशाकडून घेतला होता. नऊ वर्षं घरी आला नाही. छप्पनच्या ऑक्टोबरात त्याचं कार्ड आलं, तीस तारखेच्या इटारसी पॅसेंजरनं येतो म्हणून.

"बाजा ब्रेकच्या, म्हणजे सामानाच्या डब्यातून पार्सलनं आला. पांढुर्ण्याला उतरला. तो उतरला नाही. सुरेशच्या डब्यात आमच्या ओळखीचे एक व्यापारी होते. ते म्हणाले, तिगावला पाणी प्यायला खाली उतरला, मग गाडीत दिसला नाही."

"तिगाव तर पांढुर्ण्याच्या अगोदरचंच टेशन," मोरेश्वर म्हणाला.

"हो. एकच टेशन राहिलं होतं."

"मग तुम्ही तिथं विचारलं?"

"गेलो होतो मी. सगळ्यांना विचारलं. कोणाला ठाऊक नाही." यशवंतराव थोडं चालले. "मी त्या दिवशी त्याला घ्यायला आलो नव्हतो. कोणते दप्तर नागपूरला जायचे, कोणते इथं राहायचे, त्याच्या याद्या चालल्या होत्या. राज्य बदलून राहिलं होतं. सुट्टी नव्हती."

बस आली. त्यांनी स्वतः पेटी वर चढवायला हात लावला, आणि बस सुटली तरी ते हात झटकत तिथंच उभे होते.

घरी आल्यावर मोरेश्वरनं बाजा भोंग्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. भोंगा शेळीसारखा ओरडला. भोंग्याला खालचे सूर पेलवत नाहीत हे त्याला माहीत होतंच, पण राहवलं नव्हतं. मग आठ दिवस खपून त्यानं सागाच्या फळ्यांची एक पेटी ठोकली आणि बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा मोठा स्पीकर तिच्यात बसवला. रविवारची दुपार होती. प्रतिभा वह्या तपासत होती. त्यानं सगळ्यात जाड तार छेडली.

आवाज खोलीत आला असं वाटलं नाही. खोलीच आवाजात गेल्यासारखी झाली. फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणले, रांजणातल्या पाण्यावर वर्तुळं उठली. प्रतिभानं पेन खाली ठेवलं आणि छातीवर हात ठेवला.

"इथं वाजलं," ती म्हणाली.

मोरेश्वर हसला. किती तरी दिवसांनी तो असा हसला होता. त्या दुपारी तो बाजापासून उठलाच नाही. बाजा मांडीवर तोलत नाही, दांडी खाली झुकते, बोटांना दोन पडद्यांमधलं अंतर गाठता येत नाही, हे सगळं त्यानं हौसेनं सोसलं. करंगळीला फोड आला तोही प्रतिभाला दाखवला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला डाग दिसले. दांडीचं लाकूड पिवळं, वर चकचकीत लाख. पण काही ठिकाणी लाख झिजून लाकूड करडं पडलं होतं, बोटाच्या टोकाएवढं. सुरेशच्या बोटांच्या जागा. मोरेश्वरला शिकवणारं कोणी नव्हतं, तेव्हा त्यानं त्याच जागांवर बोटं ठेवून पाहिली. स्वतःच्या मनानं वाजवलं की तार खरखरायची. त्या जागांवर मात्र सूर स्वच्छ निघायचा. चार सूर चढायचे, दोन उतरायचे, आणि मग एका ठिकाणी हात थांबायचा. पुढची जागा कोणती ते कळायचं नाही. दर वेळी तिथंच. कोणीतरी पाठीमागे उभं राहून पुढच्या सुराची वाट पाहत आहे असं वाटायचं, आणि तो वळून पाहायचा.

"तुम्ही आजकाल डाव्या खांद्यातून वाकून बसता," एकदा प्रतिभा म्हणाली. "असे नव्हते बसत."

"वजन आहे नं त्याचं."

"आणि वाजवताना श्वास धरून ठेवता. मी पाहून राहिली. पाहिलं की मलेच गुदमरल्यासारखं होते."

मग एक दिवस दुपारी तो दुकानात एका रेडिओच्या तुटलेल्या तारेला कथलाचा डाग देत बसला होता. बाजा मागच्या भिंतीला टेकवलेला, वायर काढून ठेवलेली, अ‍ॅम्प्लिफायर बंद. जाड तार वाजली. एकदाच, मंद, आणि बराच वेळ विरत गेली. मोरेश्वरनं घड्याळ पाहिलं. तीन.

तो घाबरला, पण कारागीर होता. त्यानं स्वतःला समजावलं की गाडीच्या धडधडीनं तार हलली असेल, दुकान रुळांपासून फार लांब नाही. तो उठून स्टेशनात गेला. फलाट रिकामा होता. इटारसी पॅसेंजर सव्वातीनला आली, रोजच्या वेळेला. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम समोर बसला. तीनला तार वाजली, तिची थरथर त्याला डोळ्यांनी दिसली. सव्वातीनला गाडी धडधडत आली तेव्हा मात्र ती गप्प होती. तिसऱ्या दिवशीही तसंच.

त्या संध्याकाळी त्यानं प्रतिभाला सांगितलं. तिनं वह्या बाजूला ठेवल्या. मग तिनं विचारलं, "पॅसेंजर सव्वातीनला इथं येते, तर तीनला कुठं असते?"

मोरेश्वरला उत्तर माहीत होतं. "तिगावला," तो म्हणाला.

सकाळी त्यानं बाजा खोलला. दोष कुठं आहे ते पाहावं, एवढंच मनात होतं. तारा जिथं खाली अडकतात तिथं घोडीवर एक पत्र्याचं झाकण होतं. ते काढलं तर आत, तारांच्या खाली, कापडाची घट्ट घडी दाबून बसवलेली होती. तारांचा आवाज फार लांबू नये म्हणून वाजवणारे असं काही ठेवत असावेत. घडी उलगडली. लुगड्याचा तुकडा होता, हिरव्यावर तांबड्या चौकड्या, कडेला काठ. मुंबईच्या हॉटेलात मिळेल असं ते कापड नव्हतं.

त्यानं तो कागदात गुंडाळला आणि सौसरची बस पकडली.

मनकर्णाबाईनं तुकडा हातात घेतला, काठ अंगठ्याखाली फिरवला. "माह्या लुगड्याचा हाय," ती म्हणाली. "तो गेला त्या दिवशी भाकरी बांधून देल्ती मी. ह्याईले न सांगता. दुसरं फडकं नव्हतं हाताशी, पदरच फाडला." मग तिनं विचारलं, "कुठं होतं हे?"

"बाजाच्या आत. तारांखाली."

यशवंतराव दारात उभे होते. मोरेश्वरनं दुपारच्या तीनचं सांगितलं तेव्हा ते खाली बसले.

"मले तिगावले घेऊन चला," मनकर्णाबाई म्हणाली. "तो बाजा बी घ्या."

"तिथं काय आहे आता," यशवंतराव म्हणाले. "मी विचारून आलो नं तेव्हाच."

"तुम्ही आले. मी नाही आली."

दोन दिवसांनी तिघं पांढुर्ण्याहून सकाळच्या गाडीनं तिगावला उतरले. लहानसं स्टेशन, एक निंब, त्याखाली बाकडं. पलीकडे कपाशीची शेतं, बोंडं फुटलेली. बाकड्याजवळ माठ मांडून एक म्हातारा बसला होता. भिवाजी त्याचं नाव. गाडी आली की तो प्रवाशांना पाणी द्यायचा.

मनकर्णाबाईनं त्याला नमस्कार केला आणि सरळ विचारलं. चार वर्षांमागं, दिवाळीच्या तोंडावर, इटारसीच्या गाडीतून एक पोरगा इथं उतरला होता. उंच. पुन्हा चढला नाही. आठवते काय?

भिवाजीनं विचार करायला वेळ घेतला नाही. "आठवते नं बाई. गाडी सुटली तरी उभाच. मी म्हटलं, चढ ना बाबा, गाडी गेली. तर मलेच विचारते, पुढचं टेशन पांढुर्णाच नं? म्या म्हटलं हो. मंग ह्या बाकड्यावर बसला दिवस बुडेपर्यंत."

"पाणी पेला काय?"

"पेला. दोन लोटे. एका हातानंच पेला. डाव्या हाताले पट्टी होती त्याच्या, हे एवढी. दोन बोटं नव्हती वाटते."

मोरेश्वरनं नकळत आपली डावी मूठ मिटली.

"मंग?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"मंग उठला अन् रुळाच्या कडेनं वापस तिकडे गेला, मुलताईकडे. म्या हाक मारली. हात केला त्यानं. बस."

"हे तुम्ही ह्याईले काहून नाही सांगितलं? हे आले होते नं विचारायले."

भिवाजीनं यशवंतरावांकडे नीट पाहिलं. "हे कधी आले? चार वर्षांत कोणीच नाही आलं बाई. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मनकर्णाबाई नवऱ्याकडे वळली. ती ओरडली नाही. नुसती पाहत राहिली, आणि यशवंतराव निंबाच्या बुंध्याला हात टेकून बोलू लागले.

"त्याचं पत्र आलं होतं. कार्डाच्या अगोदर. हॉटेलच्या लोखंडी शटरमध्ये दोन बोटं गेली म्हणून. आता वाजवता येत नाही, घरी येऊ का, असं लिहिलं होतं. तुला वाचून नाही दाखवलं. मी लिहिलं, वाजवणं सरलं तेव्हा घर आठवलं का. एवढंच लिहिलं. खाली आशीर्वाद लिहिले." ते बुंध्याकडे वळले. "मग इथं यायची हिंमत झाली नाही. कोणी म्हणालं असतं की तो रुळावर... तर ते मी लिहिलं म्हणून झालं असतं. आलो नाही तर काही झालं नाही, असं धरून चाललो."

थोड्या वेळानं मनकर्णाबाई बाकड्यावर बसली. "वाजवा," ती मोरेश्वरला म्हणाली.

तिथं वीज नव्हती. मोरेश्वरनं बाजा मांडीवर घेतला, करड्या जागांवर बोटं ठेवली. चार सूर चढले, दोन उतरले. मनकर्णाबाईनं लाकडावर तळहात ठेवला होता. मोरेश्वरचा हात नेहमीच्या जागी थांबला, आणि त्यानं पुढचा सूर शोधायचा प्रयत्न केला नाही. ती तशीच बसून राहिली, हात न काढता.

तीन वाजायला आले. गाडीची शिट्टी ऐकू आली, फलाट हलू लागला, निंबाची पानं गळली. मोरेश्वरनं चारही तारांवर हात दाबून धरला. तार आपोआप वाजते की नाही हे त्याला त्या क्षणी जाणून घ्यायचं नव्हतं. गाडी थांबली, लोक पाण्याला उतरले, चढले. गाडी गेली तरी त्यानं हात उचलला नाही.

संध्याकाळच्या गाडीला मनकर्णाबाई चढली नाही. "मी राहते," ती म्हणाली. भिवाजीची बायको अंबाबाई तिला हात धरून घरी घेऊन गेली. यशवंतराव गाडीच्या दारात लटकून पाहत राहिले. मोरेश्वरनं बाजा परत द्यायचं काढलं होतं, तेव्हा मनकर्णाबाईनं जाता जाता सांगितलं, "तुम्हीच ठेवा. पण त्याच्या बोटानं नका वाजवू. आपलं आपलं शिका."

मोरेश्वर शिकला. वर्षभर खरखर ऐकली, मग सूर बसू लागले. जामसांवलीच्या मारुतीपुढे भजनाला तो मागे बसून खालचे सूर भरायचा, आणि लोक डग्गेवाल्याची तारीफ करायचे. दुपारी तीनला तो दुकान बंद करून बाहेर फिरायला जायचा. मागं काय वाजतं ते त्यानं पुन्हा पाहिलं नाही, आणि प्रतिभानंही सांगितलं नाही.

सुरेशचा पत्ता लागला नाही. मुलताईच्या बाजूला त्याला पाहिल्याचं एक-दोघांनी सांगितलं, पण ती माणसं वेगळीच निघाली. मनकर्णाबाई तिगावलाच राहिली, अंबाबाईसोबत कापूस वेचायची आणि दुपारी फलाटावर पाणी द्यायला बसायची.

पुढच्या वैशाखात यशवंतराव बैलगाडीतून दोन मोठे रांजण घेऊन आले. बायको त्यांच्याशी बोलली नाही. तिनं रांजण निंबाखाली लावून घेतले आणि भरले. ते पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही, आणि जूनपासून तिथंच राहू लागले. कोट काढून ठेवलेला, टोपी तेवढी डोक्यावर. गाडी थांबली की ते भरलेली बादली आणि लोटा घेऊन खिडकी-खिडकीशी जायचे. कोणी उतरायला लागलं की दार अडवून उभे राहायचे.

"उतरू नका," ते म्हणायचे. "बसल्या जागी पाणी देतो. आता एकच टेशन राहिलं आहे."